लहान जागेत घर वाढविताना

कुटुंब वाढते, परंतु जमीन वाढत नाही. शहरातील जुन्या घरात राहणाऱ्या अनेक कुटुंबांपुढे ही अडचण केव्हा ना केव्हा उभी राहते. मुले मोठी होतात, त्यांना अभ्यासासाठी निवांत कोपरा हवा असतो. वडीलधाऱ्या मंडळींना जिना चढवेनासा होतो. स्वयंपाकघर अपुरे पडू लागते. मग सर्वांची दृष्टी परसातील मोकळ्या जागेकडे वळते. तेथे दोन खोल्या उभारल्या की प्रश्न मिटेल, असे वाटते. खोल्या उभ्या राहतात. पण वर्ष लोटते न लोटते तोच असे आढळून येते की जुन्या घरातील मागची खोली भर दुपारी अंधारी झाली आहे, तिच्या भिंतीला ओल आली आहे आणि जुन्या व नव्या बांधकामाच्या सांध्याशी तडा गेला आहे. घर क्षेत्रफळाने वाढले, परंतु राहण्यास ते पूर्वीपेक्षा लहान झाले.

असे का होते आणि ते कसे टाळता येते, हा या पुस्तिकेचा विषय आहे. त्यासाठी कोलकाता शहराचे उदाहरण घेतले आहे. कारण लहान जागा, उष्ण व दमट हवा, मुसळधार पाऊस आणि मऊ जमीन या चारही अडचणी तेथे एकत्र आढळतात. कोलकात्यात जे साधते, ते मुंबई, ठाणे, रत्नागिरी किंवा पणजी येथेही थोड्याफार फरकाने साधता येईल.

कोलकात्यातील जागा लहान का

कोलकाता हे हुगळी नदीच्या पूर्व काठाने दक्षिणोत्तर पसरलेले शहर आहे. पश्चिमेस नदी आणि पूर्वेस खाऱ्या पाण्याच्या दलदली, अशा चिंचोळ्या पट्ट्यात त्याची प्रथम वाढ झाली. १७४२ साली मराठी फौजांच्या बंगालवरील स्वारीच्या धास्तीने तेथील रहिवाशांनी वस्तीभोवती एक खंदक खणावयास घेतला. तो कधीच पुरा झाला नाही. पण ‘मराठा खंदक’ हे त्याचे नाव इतिहासात राहिले आणि शहराची हद्द दाखविण्यास तो दीर्घकाळ उपयोगी पडला. पुढे तो बुजवून त्याच्या मार्गावर सर्क्युलर रस्ता झाला. या हद्दीच्या आत, विशेषतः उत्तरेकडील जुन्या भागात, लोकवस्ती दाटत गेली. वडिलोपार्जित जमिनीच्या वाटण्या होत गेल्या आणि एकेका वाड्याचे चार-चार तुकडे झाले.

तेथे जमीन अजूनही काठ्यांत मोजण्याची रीत आहे. एक काठा म्हणजे ७२० चौरस फूट, म्हणजेच सुमारे ६७ चौरस मीटर. वीस काठ्यांचा एक बिघा होतो. दोन काठे जमीन असलेले कुटुंब शहरात भाग्यवान समजले जाते. तथापि दोन काठे म्हणजे अवघे १३४ चौरस मीटर.

दाट वस्तीचे दुष्परिणाम लोकांच्या लक्षात आले ते रोगराईमुळे. १८९६ मध्ये मुंबईत प्लेग उद्भवला व १८९८ मध्ये तेथे शहरसुधारणा मंडळ स्थापन झाले. त्याच वर्षी कलकत्त्यासही प्लेगने गाठले आणि १९११ च्या कायद्यान्वये तेथेही तसेच मंडळ अस्तित्वात आले. त्या काळी सुधारणा म्हणजे दाट वस्ती पाडून तीमधून रुंद, सरळ रस्ते काढणे, असा सर्वसाधारण समज होता. या समजाला विरोध करणाऱ्यांत पॅट्रिक गेडिस हे प्रमुख होते. मूळचे जीवशास्त्रज्ञ असलेले हे स्कॉटिश नगररचनाकार पुढे मुंबई विद्यापीठात समाजशास्त्राचे प्राध्यापक होते. कलकत्त्याच्या बडाबाजार या अत्यंत गजबजलेल्या भागावरील त्यांचा अहवाल १९१९ मध्ये प्रसिद्ध झाला. वस्तीचा प्रत्येक भाग नीट पाहावा, ज्या थोड्या बांधकामांमुळे हवा व उजेड अडतो तेवढीच काढावी आणि बाकीचे सारे जपावे, असे गेडिस यांचे सांगणे असे. कुशल शस्त्रवैद्य रोगट भाग तेवढाच कापतो, तसेच हे होय. घर वाढविणाऱ्यासही हीच दृष्टी उपयोगी पडते: प्रथम काय बांधावे हे न ठरविता, काय मोकळे ठेवावे हे ठरवावे.

चौकाचे कार्य

पुण्यातील किंवा वाईतील जुना वाडा ज्याने पाहिला आहे, त्यास उत्तर कोलकात्यातील जुने घर अगदीच अनोळखी वाटणार नाही. रस्त्यालगत बसण्यासाठी ‘रोआक’ नावाचा कट्टा, आत शिरताच मध्यभागी ‘उठान’ म्हणजे उघडा चौक, चौकाच्या एका अंगास कमानींचे देवघर, म्हणजे ‘ठाकुरदालान’, आणि चौकाभोवती ओसरीसारखे सज्जे, अशी त्याची रचना असते. खिडक्यांना आडव्या फळ्यांची, उघडमीट करता येणारी झडप असते. तिला ‘खडखडी’ म्हणतात. तिच्यामुळे ऊन व पाऊस बाहेर राहतात आणि वारा आत येतो.

या रचनेत चौक ही उरलेली जागा नव्हे. तो घराचा सर्वांत कामाचा भाग आहे. चारही बाजूंच्या खोल्यांना तो उजेड पुरवितो, पावसाचे पाणी एकत्र करून वाहून नेतो, रात्री थंड झालेली हवा साठवितो आणि घरातील माणसांना एकमेकांच्या दृष्टीच्या टप्प्यात ठेवतो. घर वाढवितानाही जुन्या पिढ्यांनी हे तत्त्व पाळल्याचे दिसते. जोरासाँको येथील ठाकुर घराण्याचे प्रसिद्ध निवासस्थान एकाच वेळी बांधले गेले नाही. अठराव्या शतकाच्या अखेरीस नीलमणी ठाकुर यांनी मूळ घर वसविले. १८२३ मध्ये द्वारकानाथांनी बैठकीची स्वतंत्र इमारत उभारली. १८९७ मध्ये रवींद्रनाथांनी ‘विचित्रा’ ही वास्तू बांधविली. तेथे जमीन मुबलक होती, हे खरे. परंतु नवी इमारत जुनीच्या अंगावर न रेलता तिच्याशेजारी उभी करावयाची, हा धडा दोन काठ्यांच्या जागेसही लागू पडतो.

एक नमुन्याचे उदाहरण

आता हे तत्त्व प्रत्यक्षात कसे आणावयाचे ते पाहू. पुढील उदाहरण केवळ समजण्यासाठी कल्पिलेले आहे. वाचकांनी कागदावर त्याची आकृती काढीत पुढे जावे, म्हणजे विवेचन सुलभ होईल.

जागा दोन काठ्यांची आहे: रुंदी ७.३ मीटर आणि लांबी १८.३ मीटर. दक्षिणेस गल्ली आहे. पूर्वेच्या कडेने १.२ मीटर रुंदीचा बोळ शेवटपर्यंत जातो. गल्लीला लागून ६.१ मीटर रुंद व ८ मीटर खोल असे जुने एकमजली घर आहे. गच्चीच्या कठड्यासह त्याची उंची ४ मीटर आहे. घरामागे, म्हणजे उत्तरेस, १०.३ मीटर लांबीचे परस मोकळे आहे. कुटुंबास तळमजल्यावर वडीलधाऱ्यांसाठी एक खोली व एक चांगले स्वयंपाकघर पाहिजे आहे. जुने स्वयंपाकघर मोकळे झाल्यावर ते मुलांच्या अभ्यासास मिळेल.

पहिली योजना अशी: जुन्या घराच्या मागील भिंतीस लागूनच ६ मीटर खोलीचे नवे बांधकाम करावयाचे. त्याचे क्षेत्रफळ ३६.६ चौरस मीटर होते. कामही सोपे, कारण एक भिंत आयतीच मिळते.

दुसरी योजना अशी: जुन्या घरामागे ३ मीटर जागा चौक म्हणून सोडावयाची, तिच्यापलीकडे ४.५ मीटर खोलीचे बांधकाम करावयाचे आणि त्याच्याही मागे २.८ मीटर जागा मोकळी ठेवावयाची. चौकाच्या पश्चिम कडेने १.२ मीटर रुंदीची, छप्पर असलेली पडवी जुन्या व नव्या भागांस जोडील. दुपारनंतरचे तिरपे ऊनही ही पडवी अडवील. नव्या भागाचे क्षेत्रफळ २७.४ आणि पडवीचे ३.६, असे एकूण ३१ चौरस मीटर होते.

म्हणजे दुसऱ्या योजनेत सुमारे साडेपाच चौरस मीटर जागा ‘गमवावी’ लागते. एवढ्या जागेत दोन खाटा मावतील. ज्या कुटुंबास जागेची चणचण आहे, त्यास हा त्याग मोठा वाटणे स्वाभाविक आहे. त्याच्या मोबदल्यात काय मिळते, याचा हिशेब मांडल्यावाचून निर्णय करणे योग्य होणार नाही. तो हिशेब सूर्य, वारा, माती आणि पाणी या चार बाबींचा आहे.

सूर्याचा हिशेब

कोलकाता सुमारे २२.६ उत्तर अक्षांशावर, म्हणजे कर्कवृत्ताच्या किंचित दक्षिणेस आहे. त्यामुळे तेथे २१ जूनच्या सुमारास मध्यान्ही सूर्य जवळजवळ डोक्यावर येतो. २१ मार्च व २३ सप्टेंबर या सुमारास मध्यान्हीचा सूर्य दक्षिण क्षितिजापासून सुमारे ६७ अंश उंच असतो, तर २२ डिसेंबरच्या सुमारास तो केवळ ४४ अंशांपर्यंत चढतो.

या तीन आकड्यांवरून सावल्यांची लांबी काढता येते. मार्चमध्ये मध्यान्ही भिंतीची सावली तिच्या उंचीच्या सुमारे ०.४२ पट पडते. ४ मीटर उंचीच्या जुन्या घराची सावली त्या वेळी १.७ मीटर लांब असते. म्हणून ३ मीटरांच्या चौकापैकी १.३ मीटर भागात ऊन पडते. डिसेंबरमध्ये सावली उंचीहून थोडी जास्त, म्हणजे ४.१ मीटर होते. चौकाची जमीन तर सावलीत जातेच, शिवाय सावली समोरच्या नव्या भिंतीवर १.१ मीटर उंचीपर्यंत चढते. त्यावरच्या भागावर मात्र ऊन येते. खिडकीचा उंबरा जमिनीपासून ०.८ मीटरवर आणि माथा २.१ मीटरवर ठेवला, तर हिवाळ्यातील हे ऊन खिडकीत शिरेल.

छज्जा कोठे बसवावयाचा, हेही यावरूनच ठरते. ६० सेंटिमीटर पुढे आलेला छज्जा मार्चच्या मध्यान्ही आपल्याखालील १.४४ मीटर भिंतीवर सावली धरतो, तर डिसेंबरमध्ये फक्त ०.५८ मीटरवर. छज्जा खिडकीच्या अगदी माथ्यावर बसविल्यास हिवाळ्यात उन्हाची केवळ ४० सेंटिमीटरांची पट्टी आत येईल. तो माथ्याच्या ३० सेंटिमीटर वर बसविल्यास ही पट्टी ७० सेंटिमीटरांची होते आणि खिडकीपासून सुमारे १.१ ते १.९ मीटर अंतरावरील जमीन उन्हाने उबदार होते. मार्चमध्ये खिडकीचा तळचा थोडासा भाग उन्हात राहतो, पण एप्रिलच्या मध्यानंतर मध्यान्हीचे ऊन मुळीच आत येत नाही. वृद्ध माणसाच्या खाटेवर जानेवारीत ऊन आणि मे महिन्यात सावली, हे केवळ एका छज्जाच्या जागेवर अवलंबून आहे. त्यासाठी जास्तीचा पैसा लागत नाही.

पहिल्या योजनेत यांपैकी काहीही घडत नाही. जुन्या घराच्या मागील खोलीच्या उत्तरेकडील साऱ्या खिडक्या बुजतात आणि नव्या भागाची दक्षिण बाजू आंधळी होते.

येथे आणखी एक गोष्ट लक्षात घ्यावी. जुन्या घरावर मजला चढवून त्याची उंची ७ मीटर केली, तर डिसेंबरमध्ये सावली समोरच्या भिंतीवर ४.१ मीटर उंचीपर्यंत पोचेल. मग तळमजल्याच्या खोलीस हिवाळ्यात मध्यान्हीचे ऊन मिळणारच नाही. चौकाची रुंदी व भोवतालच्या भिंतींची उंची यांचा विचार नेहमी एकत्र करावा लागतो. उंच भिंतींमधला अरुंद चौक हा चौक राहत नाही; त्याची विहीर होते.

वाऱ्याची वाट

कोलकात्याच्या उन्हाळ्यात केवळ तपमान त्रासदायक नसते; हवेत बाष्प पुष्कळ असल्यामुळे घाम सुकत नाही. अशा हवेत अंगावरून वारा वाहणे हाच आराम मिळण्याचा मुख्य उपाय होय. उन्हाळ्यात तेथे वारा मुख्यतः दक्षिणेकडून येतो. म्हणूनच दक्षिणेस खिडक्या असलेल्या खोलीचे बंगाली घरात विशेष मोल असते.

वारा खोलीत शिरण्यासाठी एक वाट लागते, तशीच बाहेर पडण्यासाठी दुसरी लागते. तोंड बंद केलेल्या बाटलीत फुंकर जात नाही, त्याप्रमाणे एकाच बाजूस खिडकी असलेल्या खोलीत वारा नीट खेळत नाही. भारताच्या राष्ट्रीय बांधकाम संहितेत उष्ण व दमट प्रदेशासाठी असे सुचविले आहे की, दारे सोडून खोलीच्या खिडक्या-झरोक्यांचे क्षेत्रफळ जमिनीच्या एक-षष्ठांशाहून कमी असू नये. हवा आत येण्याच्या व बाहेर जाण्याच्या वाटा मिळून जमिनीच्या २० ते ३० टक्के असतील, तर बाहेरील वाऱ्याच्या वेगाच्या सुमारे ३० टक्के वेग खोलीत मिळतो. खिडक्या त्याहून मोठ्या केल्यास वेग वाढतो, पण त्याच प्रमाणात वाढत नाही.

दुसऱ्या योजनेतील वडीलधाऱ्यांची खोली आतून ३.३ मीटर रुंद व ४ मीटर लांब, म्हणजे १३.२ चौरस मीटर होते. तिला चौकाकडे, म्हणजे दक्षिणेस, १.२ मीटर रुंद व १.३ मीटर उंच अशी एक खिडकी आणि उत्तरेस तेवढीच दुसरी खिडकी ठेवली, तर दोहोंचे क्षेत्रफळ ३.१ चौरस मीटर होते. ते जमिनीच्या सुमारे २४ टक्के आहे. ही व्यवस्था पुरेशी होय.

नवा भाग जुन्या घराच्या आडोशास असल्यामुळे त्यास मिळणारा वारा गल्लीतील वाऱ्याइतका जोरकस नसतो, हे मान्य केले पाहिजे. म्हणूनच पूर्वेकडील बोळ महत्त्वाचा ठरतो. त्याच्या तोंडाशी भरीव दरवाजा न लावता गजांचा किंवा जाळीचा लावावा, म्हणजे गल्लीतील वारा सरळ चौकात पोचेल. बोळात मोडके सामान रचून ठेवणे म्हणजे घराचे नाकच बुजविणे होय. कोंदट, उजेडावाचून असलेल्या खोलीत क्षयासारख्या हवेतून पसरणाऱ्या रोगांचा धोका वाढतो, ही गोष्ट केवळ सोयीची नसून आरोग्याची आहे.

मऊ मातीवरील पाया

कोलकात्याची जमीन नद्यांनी आणून टाकलेल्या गाळाची बनलेली आहे. वर थोडी सुकून घट्ट झालेली चिकणमाती, तिच्याखाली कित्येक मीटर जाडीची करडी, मऊ चिकणमाती आणि तीत जागोजाग कुजलेल्या लाकडाचे अंश, असे थर तेथे सर्वसाधारणपणे आढळतात. अशा मातीवर भार आला की तीतील पाणी अतिशय सावकाश बाहेर सरते आणि इमारत वर्षानुवर्षे थोडीथोडी खचत राहते. दख्खनच्या पठारावरील मुरूम किंवा काळा खडक पाहिलेल्या वाचकास याची कल्पना सहज येणार नाही.

नव्या भिंतीचा भार किती असतो, ते पाहू. २५ सेंटिमीटर जाडीच्या व ३ मीटर उंचीच्या विटांच्या भिंतीचे वजन दर मीटर लांबीस सुमारे १,४०० किलोग्रॅम होते. छताचा भिंतीवर येणारा वाटा, गच्चीवरील चुन्याचा थर आणि माणसांचा भार धरून, सुमारे १,२०० किलोग्रॅम होतो. पायातील बांधकाम मिळविले की दर मीटरला साडेतीन टनांच्या आसपास आकडा जातो. पाया ७५ सेंटिमीटर रुंद असेल, तर मातीवर दर चौरस मीटरला सुमारे साडेचार टनांचा दाब पडतो. वर आणखी एक मजला आल्यास त्यात मोठी भर पडते. विशिष्ट जागेची माती किती दाब सोसू शकेल, हे तेथील माती तपासूनच ठरवावे लागते. शेजाऱ्याच्या घरावरून अंदाज बांधणे धोक्याचे असते.

येथेच पहिल्या योजनेचा मोठा दोष उघड होतो. जुने घर आपल्या भाराने पूर्वीच खचून स्थिर झालेले असते. नवे बांधकाम मात्र आता खचू लागणार असते. दोन्ही एकमेकांस पक्की जोडली, तर एक भाग जागीच राहतो व दुसरा खाली सरकतो, आणि सांध्याशी तडा पडतो. शिवाय पायाखालील दाब केवळ सरळ खाली जात नाही. कांद्याच्या पाकळ्यांप्रमाणे तो बाजूसही पसरतो आणि पायाच्या रुंदीच्या दुपटीहून अधिक खोलीपर्यंत जाणवतो. जुन्या पायास लागून नवा पाया घातला की जुन्या भिंतीखालील मातीवरही नवा भार येतो आणि स्थिर झालेले घर पुन्हा खचू लागते. नवा पाया खणताना जुन्या पायाची बाजूची माती उघडी पडते, हा धोका आणखी वेगळा.

तीन मीटरांचा चौक मध्ये असल्यास दोन्ही पाये एकमेकांपासून दूर राहतात. जोडणारी पडवी हलकी ठेवावी. तिचे छप्पर नव्या भागास जोडावे आणि जुन्या घराशी मात्र दोन-तीन सेंटिमीटरांची फट सोडून ती लवचिक पदार्थाने भरावी व वरून पत्र्याने झाकावी. मग एक भाग थोडा खचला तरी तडा न पडता फटच तेवढी सरकेल. जुन्या घरावर मजला चढविण्याचा मोह तर विशेष सावधगिरीने आवरावा. कित्येक जुन्या भिंती चुना व सुरखी यांत बांधलेल्या असतात आणि छत ‘कडी-बरगा’ पद्धतीचे, म्हणजे तुळया व त्यांवरील आडव्या कड्यांवर पेललेले असते. असे घर स्वतःचा भार शंभर वर्षे वाहते. पण त्यावर काँक्रीटचा मजला पेलेल की नाही, याचा निर्णय अनुभवी अभियंत्याच्या तपासणीवाचून करू नये.

पाणी आणि ओल

कोलकात्यात वर्षाकाठी दीड मीटरहून अधिक पाऊस पडतो आणि त्याचा मोठा भाग जून ते सप्टेंबर या काळात येतो. एका तासात ५० मिलीमीटर पाऊस झाला, तर नव्या भागाच्या २७.४ चौरस मीटर गच्चीवर सुमारे १,३७० लिटर पाणी जमते. या पाण्यास वाट काढून दिली नाही, तर ते भिंतींत वाट काढते.

शहराचा नैसर्गिक उतार नदीकडे नसून पूर्वेकडील दलदलींकडे आहे आणि तोही अत्यल्प आहे. म्हणून गल्ल्यांत पाणी तुंबते. नव्या भागाचे जोते जुन्या घराच्या जोत्याहून खाली मुळीच असू नये. चौकास बोळाकडे उतार द्यावा व त्याची जमीन सगळीच सिमेंटने झाकू नये. एखादे झाड लावण्याइतकी माती उघडी ठेवावी. गच्चीचे पाणी टाकीत साठविल्यास धुण्याभांड्यांस उपयोगी पडते.

जमिनीतील ओल विटांतून वर चढते व आपल्याबरोबर क्षार आणते. पाणी सुकून गेले की क्षार भिंतीच्या पृष्ठावर राहतात आणि गिलाव्याचे पोपडे सुटू लागतात. यालाच भिंतीस लोणा लागणे म्हणतात. नव्या भिंतीत जोत्याच्या पातळीवर ओलरोधक थर घालणे, हा त्यावरील उपाय. जुन्या भिंतीस लोणा लागला असता तीवर सिमेंटचा घट्ट गिलावा चढवितात. पण त्यामुळे ओल आत कोंडली जाऊन अधिक वर चढते. चुन्याचा गिलावा भिंतीस सुकू देतो, म्हणून जुन्या बांधकामास तोच मानवतो. दुसऱ्या योजनेत जुनी मागील भिंत वाऱ्यास उघडी राहते, हा तिचा आणखी एक लाभ होय.

गच्चीच्या बाबतीतही जुन्या कारागिरांचे ज्ञान उपयोगी आहे. विटांचे तुकडे, सुरखी व चुना यांचा थर गच्चीवर कुटून बसविण्याच्या रीतीस बंगालमध्ये ‘जलछाद’ म्हणतात. तो पाणी अडवितो आणि उष्णताही काही अंशी थोपवितो. त्यावर दरवर्षी पावसाळ्यानंतर चुन्याची सफेदी दिल्यास उन्हाचा बराच भाग परत फेकला जातो.

शेजाऱ्याचा वाटा

आतापर्यंतचा विचार एका घरापुरता झाला. परंतु लहान जागेवरील प्रत्येक भिंत दोघांची असते: एक बाजू बांधणाऱ्याची, दुसरी शेजाऱ्याची. मागे सोडलेली २.८ मीटर जागा उत्तरेकडील शेजाऱ्यास हिवाळ्यातील ऊन देते. त्याच्याही दक्षिणेस मोकळी जागा असली, तर दोन्ही मिळून एक मोठा हवाचौक तयार होतो. याउलट एकाने हद्दीपर्यंत बांधले की दुसराही तेच करतो आणि काही वर्षांत सारी आळी काळोखी होते. पुढे-मागे व बाजूंस किती जागा सोडावी, किती उंच बांधावे, याविषयी महानगरपालिकेचे नियम असतात ते यासाठीच. नकाशा मंजूर करून घेण्यापूर्वी कामास हात घालू नये. नियमांनी सांगितलेली मोकळी जागा ही कमाल मर्यादा नसून किमान मर्यादा आहे, हेही ध्यानी ठेवावे.

आता दोन्ही योजनांचा ताळेबंद मांडता येईल. पहिलीत साडेपाच चौरस मीटर अधिक मिळतात, पण जुन्या घरातील एक खोली अंधारी होते, एक भिंत ओली राहते आणि सांधा तडकण्याचे भय कायमचे मागे लागते. दुसरीत थोडी जागा सोडावी लागते, पण त्या बदल्यात नवी खोली उजेडाची होते, जुनी खोली पूर्ववत राहते, आणि शिवाय १८ चौरस मीटरांचा चौक मिळतो. तेथे सकाळी भाजी निवडता येते, संध्याकाळी मुलांना खेळता येते, लग्नकार्यात पंगत बसविता येते. वडीलधारे माणूस आपल्या खिडकीतून साऱ्या घराची ये-जा पाहू शकते. त्यास आपण मागील दारी पडलो आहोत, असे वाटत नाही. घराचा ऐसपैसपणा भिंतींनी व्यापलेल्या जागेवर नव्हे, तर भिंतींनी सोडलेल्या जागेवर अवलंबून असतो.

विद्यार्थ्यांनी करून पाहावे

१. वर्गाच्या जमिनीचे व सर्व खिडक्यांचे क्षेत्रफळ मोजावे. दारे धरू नयेत. खिडक्या जमिनीच्या एक-षष्ठांशाइतक्या आहेत काय, ते पाहावे. त्या एकाच भिंतीत आहेत की समोरासमोर, हेही नोंदवावे.

२. एक मीटर उंचीची काठी अंगणात उभी रोवून दर महिन्याच्या २२ तारखेस मध्यान्हीची सर्वांत आखूड सावली मोजावी. पुण्यात डिसेंबरमध्ये मध्यान्हीचा सूर्य सुमारे ४८ अंश उंच असतो. म्हणून तेथील सावली कोलकात्यापेक्षा आखूड भरेल. मेच्या मध्यापासून जुलैच्या अखेरीपर्यंत पुण्यात मध्यान्हीची सावली दक्षिणेकडे पडते. याचे कारण भूगोलाच्या पुस्तकाच्या आधारे शोधावे.

३. आपल्या घराचा नकाशा चौकटीच्या कागदावर काढून त्यात एक खोली वाढवावी. प्रथम मोकळी ठेवावयाची जागा रंगवावी आणि मगच भिंती काढाव्यात.